पॉलिसीत बसणाऱ्या सुया

आमच्या सोसायटीत कोणाला हॉस्पिटलात भरती व्हायचं असलं, की तो आधी नंदकुमार कर्णिककडे जायचा आणि मग डॉक्टरकडे. खोलीचं भाडं मर्यादेच्या वर गेलं की बाकीच्या बिलालाही कशी कात्री लागते, मोतीबिंदूची कुठली लेन्स घेतली तर पैसे सुटतात, जुना आजार लपवला तर पुढे काय वाढून ठेवलेलं असतं, सगळं त्याला तोंडपाठ. आयुष्यभर भांडुपच्या एका कारखान्यात ड्रॉइंग बोर्डावर वाकून मशीनच्या भागांची चित्रं काढली, त्यामुळे बारीकसारीक वाचायची त्याला सवय. सवय कसली, हौसच. लोक पॉलिसी पहिल्या पानापासून वाचायला घेतात, म्हणजे वाचतच नाहीत. नंदू शेवटच्या पानापासून सुरुवात करायचा, कारण काय मिळणार नाही ते तिथं लिहिलेलं असतं.

मी जयवंत परब, त्याच्या समोरच्या दारात राहतो. वडील लालबागला गिरणीत होते, गिरणी गेली तसे आम्ही मुलुंडला आलो. मी पालिकेच्या पाणी खात्यात चिकटलो आणि तिथूनच रिटायर झालो. नंदू जन्मापासून मुलुंड पूर्वेचा. माझं तोंड फटकळ, त्याचं गोड, म्हणून इतकी वर्षं जमलं. त्याची बायको गेल्यावर त्याच्या घरची दुसरी किल्ली आमच्याकडेच असते.

तीन वर्षांपूर्वी एका सकाळी दाढी करताना ब्रश उजव्या गालाला लागला आणि नंदू बेसिन धरून खाली बसला. गालात कोणीतरी उघडी वायर घातली असं वाटलं म्हणाला. आधी दात समजून दाताच्या डॉक्टरनं दोन चांगल्या दाढा काढल्या. दुखणं होतं तिथंच. मग मेंदूच्या डॉक्टरनं सांगितलं की दोष दाताचा नाही, चेहऱ्याच्या नसेचा आहे. त्यांनी एक लांबलचक इंग्रजी नाव सांगितलं, ते नंदूनं घरी येऊन आधी पॉलिसीत शोधलं. गोळ्या सुरू झाल्या. पूर्ण गोळी घेतली की हा भिंत धरून चालायचा आणि सोसायटीच्या मीटिंगमध्ये बोलता बोलता झोपायचा. गोळी कमी केली की वायर पुन्हा गालात.

ऑपरेशन होतं. कानामागचं हाड उघडायचं आणि नसेवर चढलेली रक्तवाहिनी बाजूला करायची. नंदूची स्वतःची जुनी पॉलिसी त्याचा सगळा खर्च देणार होती, ते त्यानं पहिल्याच दिवशी बघून ठेवलं होतं. पण त्याच्या हृदयात आधीच स्टेंट बसलेला. मेंदूचे डॉक्टर स्वतःच म्हणाले की हे हृदय घेऊन या वयात टेबलावर झोपणं धोक्याचं आहे, दुसरा काही मार्गच उरला नाही तर बघू.

म्हणून तो घरात अडकला. वारा लागला की कळ यायची, म्हणून भर एप्रिलात पंखा बंद, खिडक्या बंद. डोक्यावरून मफलर घेऊन तो कपाट आणि भिंत यांच्या मधल्या कोपऱ्यात खुर्ची टाकून बसायचा, कारण घरात तेवढी एकच जागा होती जिथं कुठूनच झुळूक येत नव्हती. गार मऊभात डाव्या बाजूनं गिळायचा. हसायचा नाही, जांभई आली तरी घाबरायचा. दाढी फक्त डाव्या गालाची करायचा, त्यामुळे चेहरा अर्धा त्याचा आणि अर्धा कुणा बैराग्याचा दिसायचा. ज्याच्या दारात चपलांचा ढीग असायचा, त्याच्याकडे लोक यायचे बंद झाले, कारण दोन शब्द बोलला की तो गाल धरून डोळे मिटून बसायचा. मी समोर बसून नुसता घाम पुसायचो आणि माझा जीव गुदमरायचा. त्याचं काय होत असेल, हे त्याचं त्यालाच माहीत.

गंधाली त्याची एकुलती एक मुलगी. बोरिवलीला दिलेली, अंधेरीच्या एका ऑफिसात नोकरी. तिनं कुठूनतरी घाटकोपरच्या अॅक्युपंक्चरवाल्या डॉक्टर अस्मितांचं नाव आणलं. तिच्या ऑफिसातल्या एका बाईच्या आईला असाच चेहऱ्याचा त्रास होता आणि सुयांनी आराम पडला होता. नंदूनं गाल धरून एकच प्रश्न विचारला, "पॉलिसीत बसतं?" त्याच्या जुन्या पॉलिसीत बसत नव्हतं, आणि हे त्याला तिच्यापेक्षा चांगलं माहीत होतं. आठवड्यातून दोनदा जायचं, तेही किती महिने ते कोणी सांगू शकत नव्हतं. कारखाना बंद पडलेल्या माणसाची पेन्शन ती केवढी. गंधाली म्हणाली, मी देते. तिथंच विषय संपला.

नंदूचा नियम होता, लेकीच्या पैशाला हात लावायचा नाही. बोरिवलीला जेवायला गेला तर निघताना नातवाच्या मुठीत नोट कोंबल्याशिवाय चप्पल घालायचा नाही. गंधालीनं दिवाळीला शर्ट आणला तर पाडव्याच्या ओवाळणीत त्याची भरपाई करायचा. त्याचे वडील तसेच होते, आजोबा तर लेकीच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचे नाहीत म्हणे. मी त्याला खूप छेडायचो. माझा मुलगा सुबोध मला देतो ते मी घेतो, मग गंधालीनं काय नोटा वेगळ्या छापल्यात का? तो म्हणायचा की सुबोध तुझ्या घरात आहे रे, तिचं घर वेगळं आहे, तिथं तिला मान खाली घालायला लागता कामा नये. हे एवढं वाक्य त्या दुखण्यात पूर्ण बोलायला त्याला बराच वेळ लागायचा, पण तो ते पूर्ण करायचा.

मग एका रविवारी गंधाली एक कार्ड घेऊन आली. म्हणाली, बाबा, आमच्या कंपनीनं पॉलिसी बदलली. आता आईवडिलांनाही त्यात घेता येतं, आणि ओपीडीसुद्धा आहे, अगदी अॅक्युपंक्चरही. कार्डावर त्याचं नाव छापलेलं होतं. नंदूनं ते उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं की पॉलिसीचं पुस्तक कुठंय. ती म्हणाली, पुस्तक नसतं, सगळं कंपनीच्या पोर्टलवर असतं, पासवर्ड माझा. नंदू तिच्याकडे बघत राहिला आणि मग म्हणाला, "कंपनीचं आहे म्हणजे काही हरकत नाही."

डॉक्टर अस्मितांकडे पैसे विचारले जात नसत. रजिस्टरमध्ये सही करायची आणि निघायचं. कॅशलेस. हा शब्द नंदू असा उच्चारायचा की जणू त्याला पदवी मिळालीय. हातात, पायात, कानाजवळ बारीक सुया टोचायच्या आणि अर्धा तास पडून राहायचं. पहिले काही आठवडे काही फरक पडला नाही. मग एक दिवस जेवताना त्यानं उजव्या बाजूनं पोळी चावली आणि आपण काय केलं हे लक्षात येऊन तो थांबला. त्या महिन्यात खिडक्या उघडल्या, पंखा फिरला, आणि एका सकाळी दार उघडून बघतो तर समोर दोन्ही गाल गुळगुळीत केलेला नंदू. मी सरळ मिठी मारली. गोळ्या निम्म्यावर आल्या, झोकांड्या थांबल्या. एक गोष्ट मात्र त्याला खटकायची. रविवारी न चुकता येणारी गंधाली हल्ली येईनाशी झाली होती. रविवारचंही ऑफिस असतं म्हणायची. शुक्रवारी उभ्या उभ्या डोकावून जायची, डोळ्यांखाली काळं झालेलं असायचं.

नंदू पुन्हा सोसायटीचा पंडित झाला, आणि आता त्याच्याकडे नवा अध्याय होता. ज्याला त्याला सांगायचा, अॅक्युपंक्चर पॉलिसीत बसतं, मी स्वतः घेतोय. याच सुमारास माझ्या बायकोला, राधाला, कमरेतून पायापर्यंत कळा यायला लागल्या. ती म्हणाली, "तो कर्णिक बरो झालो मा, माका पण थंय घेऊन चला." मी सुबोधच्या कंपनीचं कार्ड नंदूला दाखवलं. क्लेम बघणाऱ्या ऑफिसचं नाव दोन्ही कार्डांवर एकच, अंधेरीचं. नंदू म्हणाला, मग काय, डोळे मिटून जा.

डॉक्टर अस्मितांच्या काउंटरवरच्या बाईनं मात्र आमच्याकडे पैसे मागितले. मी म्हटलं, कर्णिकांसारखं कॅशलेस करा. तिनं आत डॉक्टरांकडे पाहिलं आणि म्हणाली, त्यांचं वेगळं आहे. मी पैसे भरले आणि पावत्या क्लेमला लावल्या. पंधरवड्यानं सुबोधच्या फोनवर मेसेज आला की क्लेम नामंजूर. सुबोध म्हणाला, जाऊ दे ना बाबा. पण मी जाऊ देणाऱ्यांतला नाही. तसाच समोर गेलो आणि नंदूला दारातच धरला. त्याचं तोंड उतरलं. राधाला आराम पडला की नाही, हे त्यानं विचारलंच नाही. आपलं वाचन चुकलं हे त्याला सहन होईना. म्हणाला, "तुझ्या कागदात काहीतरी राहिलं असेल. चल, मी येतो अंधेरीला. समोर बसून सोडवू."

घाटकोपरहून आम्ही मेट्रो घेतली. एसीचा झोत कुठून येतोय ते बघून नंदूनं उभं राहायची जागा निवडली आणि गालावर हात धरला. बरा झाला होता तरी ती भीती गेली नव्हती. एमआयडीसीतल्या एका काचेच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर ते ऑफिस. टोकन घेऊन बसलो, नंबर आला. समोर प्रांजल नावाची सुबोधच्या वयाची मुलगी होती. मी भांडायच्या तयारीनं गेलो होतो, पण ती इतकं नीट बोलली की माझी पंचाईत झाली.

तिनं सांगितलं ते असं. माझ्या पॉलिसीत निदान चोवीस तास भरती झालात तर खर्च मिळतो. दवाखान्यात जाऊन सुया टोचून घरी परत येणं म्हणजे ओपीडी, ती यात नाही. मी विचारलं, एक रात्र भरती दाखवली तर? मुंबईत हे कोण करत नाही? ती म्हणाली, तसं दाखवलंत तर क्लेम तर जाईलच, वर खोटेपणाचा शिक्का बसेल, आणि मुळात अॅक्युपंक्चर हे आयुर्वेद, होमिओपॅथी वगैरेंच्या त्या ठरलेल्या यादीत येत नाही. नंदूला आता चेव आला. महाराष्ट्र सरकारनं अॅक्युपंक्चरला मान्यता दिली आहे, त्याचा वेगळा कायदा आहे, हे त्यानं तिला ऐकवलं. ती म्हणाली, बरोबर आहे काका, डॉक्टरांना सुया टोचायला मान्यता आहे. विमा कंपनीनं पैसे द्यायचे की नाही, ते पॉलिसी ठरवते. काही मोठ्या कंपन्या जास्त पैसे भरून ओपीडी वेगळी घेतात, त्यांच्यात कधी कधी मिळतं.

"तेच तर," नंदू म्हणाला आणि विजयी मुद्रेनं खिशातून आपलं कार्ड काढलं. "माझ्या मुलीच्या कंपनीत मिळतं. हे बघा. यांच्या मुलाच्या कंपनीला सांगा, असं घ्या म्हणावं."

प्रांजलनं नंबर टाकला. स्क्रीनकडे बघितलं, मग पुन्हा कार्डाकडे.

"काका, तुमचं नाव आहे यात. भरती झालात तर कव्हर आहे. पण ओपीडी नाही."

"नीट बघा. दीड वर्ष झालं, मी कॅशलेस घेतोय."

"या कार्डावर आजपर्यंत एकही क्लेम आलेला नाही, काका."

नंदू हसला. तिनं चुकीचा नंबर टाकला असणार असं त्याला वाटलं असावं. त्यानं तिला नंबर पुन्हा टाकायला लावला, एकेक आकडा स्वतः वाचून. तेच आलं. मग त्यानं कार्ड उचलून परत खिशात घातलं. शेवटी म्हणाला, "मग पैसे कोण देतंय?" हे त्यानं तिला विचारलं नव्हतं, मलाही नाही. त्या मुलीला कळलं. ती हळूच म्हणाली, घरी विचारा ना काका. माझ्या क्लेमचं पुढे काय, हे विचारायची मला शुद्धच राहिली नाही.

परत येताना मेट्रोच्या फलाटावर तो बाकावर बसला आणि उठेना. दोन गाड्या गेल्या. मग म्हणाला, "रविवार. रविवारी कुठलंतरी दुसरं काम घेतलंय तिनं. माझ्या सुयांसाठी." मी म्हटलं, तुला काय ठाऊक. तो म्हणाला, "जयवंत, मी सगळ्यांच्या पॉलिसी शेवटच्या पानापासून वाचल्या. हिची मागितली आणि तिनं नाही म्हटल्यावर गप्प बसलो. मला ती वाचायचीच नव्हती रे. गाल दुखत होता." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते उजव्या गालावरून ओघळत होतं. मी न पाहिल्यासारखं केलं.

दुसऱ्या दिवसापासून त्यानं घाटकोपरला जाणं बंद केलं. गंधालीला फोनवर सांगितलं, मी आता ठणठणीत आहे, बास झाल्या सुया. डॉक्टर अस्मितांचा फोन आला, इतक्यात थांबवू नका म्हणाल्या, त्यांनाही तेच सांगितलं. महिनाभर खरोखर काही झालं नाही आणि मला वाटलं, चला, सुटला. पण एके दिवशी मी किल्लीनं दार उघडून आत गेलो तर खिडक्या बंद, पंखा बंद, आणि नंदू मफलर गुंडाळून कपाटाशेजारच्या त्या कोपऱ्यात. या वेळचं दुखणं आधीपेक्षा वाईट होतं. पाणी पिताना रडायचा.

मी त्याच्याशी भांड भांड भांडलो. म्हटलं, सरळ सांग तिला की मला कळलंय, आणि घे. मुलगी आहे ती, परकी नाही. तो एकेक शब्द सोडत बोलला. आत्तापर्यंत मी घेतलं ते न कळता घेतलं, म्हणाला. आता तिला सांगितलं तर ती देत राहणार आणि मी घेत राहणार, आणि ते दोघांनाही माहीत असणार. तिच्या नवऱ्याला, श्रेयसलाही माहीत असणार. मग मी त्यांच्यासमोर ताट वाढून घेऊन कसा बसू? नाही घेतलं तर हे असं. मी म्हटलं, मग काय करणार आहेस? त्यानं पांघरुणाखालून फाइल काढली. हॉस्पिटलात जाऊन आला होता, एकटा, भर उन्हात रिक्षाला प्लास्टिकचा पडदा लावून. मेंदूच्या डॉक्टरांनी पुन्हा सगळे धोके समजावले होते, पण दुसरा मार्ग उरला नाही असं यानंच त्यांना सांगितलं होतं. सुयांनी बरं वाटतं, हे सांगितलंच नव्हतं. विमा कंपनीची मंजुरीही आली होती. पुढच्या सोमवारी भरती.

"ऑपरेशन बसतं," तो म्हणाला. "माझ्या पॉलिसीत. माझ्या पैशानं भरलेल्या."

"आणि हृदयाचं काय?"

त्यानं हात हलवला. संमतीच्या कागदावर नातेवाइकाची सही लागते, ती मी भाऊ म्हणून करावी आणि गंधालीला सगळं झाल्यावर कळवावं, असं त्यानं ठरवून टाकलं होतं. मला भयंकर संताप आला. सुया टोचायला पैसे नाहीत आणि कवटी उघडायला आहेत, या व्यवहाराचा राग, त्याच्या आजोबांचा राग, ज्यांनी लेकीच्या घरचं पाणी सोडलं आणि नातवाला हे शिकवून गेले. मी म्हटलं, मी सही करणार नाही, मर इथंच. आणि घरी येऊन गंधालीला फोन केला. कारण सांगितलं नाही. फक्त म्हटलं, सोमवारच्या आत येऊन जा.

ती दुसऱ्याच दिवशी दुपारी अर्धी रजा टाकून आली. मीच दार उघडलं. मफलरात गुंडाळलेला बाप आणि टेबलावरची हॉस्पिटलची फाइल बघून ती चपलांसकट आत आली. फाइल वाचली. मी निघायला लागलो तर नंदूनं हातानं बस अशी खूण केली. त्याला तिच्यासोबत एकटं राहायची भीती वाटत असावी. ती त्याच्यासमोर जमिनीवर बसली. बंद खोलीत तिच्या मानेवरून घाम निथळत होता, पण पंख्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही.

"बाबा, डॉक्टर नको म्हणाले होते ना? सुयांनी बरं वाटत होतं. का थांबवलंत?" ती पुढे म्हणाली, "खर्चाचा प्रश्न नव्हता. पॉलिसीत होतंच की."

तिचा आवाज अगदी सरळ होता. मला वाटलं, आता हा तोंड उघडणार. अंधेरी सांगणार, कार्ड सांगणार, ती आकड्यांची रांग सांगणार. मीही तयारीत होतो, म्हटलं एकदाचं फुटू दे. नंदू तिच्याकडे बघत होता. डोळ्यांखालचं काळं, हातातली ऑफिसची बॅग, चेपलेली ओढणी, सगळं बघत होता. मफलर हातानं घट्ट धरून तो म्हणाला, "या वर्षी... पॉलिसी... रिन्यू झाली?"

गंधालीनं माझ्याकडे पाहिलं. मी बंद खिडकीकडे बघत राहिलो.

"झाली, बाबा."

"सुया आहेत त्यात?"

"आहेत."

"नक्की?"

"नक्की. मी स्वतः वाचलंय."

त्याचा ओठ थरथरत होता, ते दुखण्यानं की आणखी कशानं, मला सांगता येणार नाही. मग म्हणाला, "मग ऑपरेशन कशाला? शनिवारी नाव लाव." आणि त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा या माणसानं लेकीकडे काहीतरी मागितलं होतं, आणि तेही असं, आपल्याला काही माहीत नाही असं दाखवून. मला तिथं बसवेना. मी जिन्यात येऊन उभा राहिलो.

थोड्या वेळानं गंधाली बाहेर आली. भिंतीला टेकून तिनं ओढणीनं तोंड पुसलं.

"काका, तुम्ही दोघं अंधेरीला गेला होतात ना? सुबोध म्हणाला मला."

मी हो म्हटलं.

"म्हणजे बाबांना कळलंय."

"कळलंय."

"मला माहीत आहे हे त्यांना कळू देऊ नका. नाहीतर ते पुन्हा थांबतील."

मी मान हलवली. दुसरं काय करणार होतो? मग राहवलं नाही म्हणून म्हटलं, रविवारी येत जा गं, सुयांपेक्षा तो तुझीच वाट बघतो. ती खाली बघत म्हणाली, "मला माहीत नाही का काका? पण रविवारी मी इथं आले तर शनिवारचं कुठून देऊ?" आणि बॅग खांद्याला लावून झपाझप जिना उतरून गेली.

मी आत गेलो. नंदू तसाच कोपऱ्यात बसला होता. मला बघून त्यानं मफलर जरा सैल केला.

"रविवारी येते म्हणाली?"

"ऑफिस आहे तिला," मी म्हटलं.

"हो," तो म्हणाला. "असणारच."